नर्मदेचा खडक

सरावली, बोईसर
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

आजी,

पाया पडते. पत्र बघून घाबरू नकोस, इथे सगळे बरे आहेत. फोनच केला असता, पण फोन प्रदीपमामाचा आणि मामा तो स्पीकरवर लावतो. मागच्या वेळी मी विचारलेलं सगळं आळीनं ऐकलं, आणि तू नुसतं "हा, हा" करून ठेवून दिलास. म्हणून हे विनोदच्या रिक्षातून पाठवते आहे. त्याच्या बोईसर-चिंचणी रोज फेऱ्या असतात, उत्तरही त्याच्याकडेच दे.

मला काम मिळालं, चार महिन्यांचं. आपल्या गावच्या किनाऱ्यावरच्या दगडांत, खडपात, कुठल्या समुद्री गोगलगाई आहेत आणि किती आहेत, हे मोजायचं. आमचे प्रफुल्ल सर किनाऱ्यावर फिरतात. मी इथे प्रयोगशाळेत बसून त्यांनी आणलेले शंख ओळखते. पुस्तकात चित्रं आहेत, पण ती धुऊनपुसून काढलेली. खरा शंख शेवाळ पांघरून येतो, मग सगळे सारखेच दिसतात.

तू पन्नास वर्षं त्या दगडांवर चालते आहेस. सोबतच्या डब्यात एकेक जातीचा रिकामा शंख घालून दे. तुम्ही बायका त्याला काय म्हणता, कुठे मिळतो, तेही लिही.

तुझी
मोनाली

*

चिंचणी
गुरुवार, ६ तारीख

मोने,

पत्र पोचलं. विनोदनं हातात द्यायच्या आधी दोनदा उलटंपालटं करून बघितलं. पुढच्या वेळी पाकीट डिंकानं चिकटव, भाताच्या शितानं नको. मी तिसरी शिकलेली बाई, मला लिहायला वेळ लागतो, मधे वाचायला दुसरा नको.

तर तो तुझा सर हाय. आमी आठ दिवस त्याला बघतोय. डोक्याला टोपी, पायात गुडघ्यापर्यंत बूट. लोखंडी चौकट दगडावर ठेवतो, आत डोकावतो, वहीत लिहितो, उचलतो, परत दुसरीकडे ठेवतो. शेजारची चिमी म्हणाली जमिनीची मापं घेतोय. मी म्हटलं मापं घेणारा उभा राहून घेतो, हा तर ओणवा होतो. पण खडपात बूट घालून येणारा माणूस गोगलगाय बघायला आलाय, हे मला पटत नाय. गोगलगाय बघायची तर पायाला दगड कळायला पायजे.

आणि मोजून काय करणार? ज्याला खायचं तो मोजत नाय. मोजतो तो न्यायला आलेला असतो.

तू मागितलेस म्हणून तीन शंख पाठवते. तो मोठा गुलाबी तोंडाचा आपल्या खडपातलाच. बाकी खडपात काय नाय. पूर्वी असायचं, आता नाय.

तुझ्या आईला सांग, सुकट पाठवलीय ती उन्हात घाल.

नर्मदा

*

सरावली
सोमवार, १० फेब्रुवारी

आजी,

गुलाबी तोंडाच्या शंखाला वार्निशचा वास येतोय. बुडाशी डिंकाचा चौकोनी डाग आहे, तिथे किंमत चिकटवलेली असणार. असा शंख आपल्या किनाऱ्यावर सापडतच नाही. डहाणूच्या जत्रेतून आणलास ना? मामाच्या टीव्हीवर ठेवलेला असायचा, मला आठवतोय.

दुसरा शंख डब्यातून काढून टेबलावर ठेवला तर तो चालायला लागला. आत खेकडा होता. प्रफुल्ल सर खुर्चीवर चढले. शंखाची मूळ मालकीण केव्हाच मेलेली, खेकड्यानं रिकामं घर बघून मुक्काम ठोकलेला. म्हणजे ही गोगलगाय तिथेच राहत होती की शंख लाटेबरोबर आला, यावरून काहीच सांगता येत नाही.

तिसरा मात्र तू चुकून पाठवलास. जाड, करडा, अंगावर गाठी, तोंडाची कड जांभळट. आत मांसाचा धागा राहिला होता आणि तो ओला होता. तो जीव बुधवारी जिवंत होता, आजी. तू त्याला उकडून, सुईनं काढून खाल्लंस आणि शंख मला पाठवलास.

मग खडपात "काय नाय" कसं?

माझी परीक्षा झाली असेल तर आता खरे पाठव.

मोनाली

*

चिंचणी
शुक्रवार, २१ फेब्रुवारी

मोने,

खाल्ला. लसूण-मिरची लावून खाल्ला. माझ्या जेवणाची चौकशी करायला तुला कोणी बसवलंय का?

उत्तराला उशीर केला तो मुद्दाम. तू दोन पत्रं लिहिलीस, शंखाच्या गाठी लिहिल्यास, डाग लिहिलास, खेकडा लिहिलास. मोजायला कोणी सांगितलंय तेवढं लिहिलं नायस. तुझी आई लहान असताना गूळ खाऊन आली की अशीच भराभर दुसरं बोलायची.

इकडचं ऐक. काल तुझा सर छापील कागद घेऊन आला. पंधरा बायकांना विचारलं, खडपात तुमाला काय मिळतं? पंधराजणींनी सांगितलं, काय नाय. गोजराबाईच्या डोक्यावर पाटी होती, पाटीतून पाणी गळत होतं, तरी तिनं सांगितलं काय नाय. त्यानं लिहून घेतलं. खाली सह्या घेतल्या. सगळ्यांत पहिली माझी, कारण बाकीच्या अंगठेवाल्या.

तुला हसू येईल, पण तुला शिकवायला पायजे होतं कोणीतरी. खडपातून येणाऱ्या बाईला काय गावलं विचारायचं नसतं. कोणी विचारलंच तर काय नाय म्हणायचं असतं. पाटीवर ओलं फडकं टाकायचं आणि घरी यायचं. सख्ख्या जावेलासुद्धा आपली जागा सांगायची नाय. ही आमची रीत हाय, माझ्या सासूच्या सासूची.

मग तो म्हणाला, आजी, चांगला खडक दाखवा. मी दाखवला. अलीकडचा टकला खडक, जिथं शेवाळसुद्धा धरत नाय. तिथं त्यानं पाच वेळा चौकट ठेवली. पलीकडच्या पाण्याकडे बोट करून विचारलं, तिथे काय? मी म्हटलं, तिकडचे दगड कधीच उघडे पडत नायत. काल सप्तमी-अष्टमी, पाणी अर्ध्यावरून माघारी फिरतं. त्याला सगळीकडे पाणीच दिसलं, खरं वाटलं. थँक्यू म्हणून गेला.

आता सांग, कोणासाठी?

नर्मदा

*

सरावली
शनिवार, २२ फेब्रुवारी

आजी,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. आधीची दोन फाडली.

एका कंपनीला आपल्या खडपावर माल उतरवायचा धक्का बांधायचा आहे. बांधायच्या आधी तिथे जीव किती आहेत, हे बाहेरच्या माणसांकडून मोजून घ्यावं लागतं. ते काम आमच्याकडे आहे. हे आधी लिहिलं असतं तर तू डबाही उघडला नसतास, म्हणून नाही लिहिलं. चुकलंच माझं.

सर काल परत आले आणि अहवालाचा मसुदा मला टाईप करायला दिला. जसाच्या तसा उतरवते:

"पाहणी केलेला खडक बहुतांशी ओसाड. पलीकडील भाग कायम पाण्याखाली. स्थानिक पंधरा महिलांनीही येथे काहीही मिळत नसल्याचे सांगितले."

त्याखाली पहिली सही तुझी आहे.

आजी, असा अहवाल गेला तर धक्क्याला हरकत घ्यायला कारणच उरत नाही. ओसाड दगडावर दगड टाकले तर कोणाचं काय जातं? तुम्ही बाहेरच्या माणसाला फसवलं असं तुम्हाला वाटतंय. पण तुमच्या तोंडून त्यांना हवं होतं तेच निघालं.

सर वाईट नाहीत. जे दिसेल ते लिहितात. त्यांना दिसलं नाही, कारण तू दिसू दिलं नाहीस. अहवाल पाच मार्चला जायचा आहे. येत्या गुरुवारी अमावास्या. त्यानंतरचे दोन-तीन दिवस पलीकडचे दगड उघडे पडतात, हे मला आईनं सांगितलं. त्यानंतर उशीर झालेला असेल.

जिवंत गोगलगाई कुठे आहेत, ते सरांना दाखव.

मोनाली

*

चिंचणी
सोमवार, २४ फेब्रुवारी

मोने,

वाचलं. दोनदा वाचलं. मग गोजराबाईला वाचून दाखवलं, तिच्या बापजन्मात तिला कोणी पत्र वाचून दाखवलं नव्हतं, तरी तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नर्मदे, हा डाव हाय. धक्क्याची भीती घालतील, तू जागा दाखवशील, आणि महिन्याभरात पोती घेऊन माणसं येतील."

मला तिचं खोटं वाटलं नाय. तू एकदा लपवलंस. दुसऱ्यांदा लपवत नायस हे मी कशावरून धरायचं? तुझी सही कुठं हाय? मसुद्यावर माझी हाय.

तुला एक गोष्ट सांगते, ती तुझ्या आईलाही ठाऊक नाय. तो टकला खडक सरांना दाखवला ना, तो टकला जन्मला नव्हता. मी लग्न होऊन आले तेव्हा त्याच्यावर पाय ठेवायला जागा नसायची. झाकणवाले, टोप्या, काळे, सगळे. झाकणवाला म्हणजे ज्याच्या दाराला दगडी पांढरं झाकण असतं तो. टोपी म्हणजे दगडाला उलटी वाटी चिकटावी तशी. एक माणूस आला, गोड बोलायचा, मला वहिनी म्हणायचा. म्हणाला, शंख बघायची हौस हाय. मी नवी नवरी, मला कोणी तोवर काय विचारलंच नव्हतं. मी दाखवला. आठ दिवसांनी तो मनोरकडून दहा माणसं आणि पोती घेऊन आला. लोखंडी खुरप्यांनी खरवडून नेलं, पिल्लंसुद्धा ठेवली नायत. शंखांच्या माळा होतात म्हणे, झाकणांची बटणं होतात. पन्नासेक वर्षं झाली, तिथं परत काय आलं नाय. बायका त्याला नर्मदेचा खडक म्हणतात. माझ्या तोंडावर म्हणत नायत.

म्हणून मला एक लिहून दे. मी पलीकडचे दगड दाखवले तर तिथं कोणी पोती घेऊन येणार नाय. लिहून दे आणि खाली सही कर. मग बघू.

नर्मदा

*

सरावली
मंगळवार, २५ फेब्रुवारी

आजी,

तसं लिहून देता येणार नाही.

अहवाल सरकारी कचेरीत जातो, कोणीही मागून वाचू शकतो. सर नेमकी कपार लिहिणार नाहीत, "खडपाचा पश्चिमेकडील भाग" एवढंच लिहीन असं मला म्हणाले. पण ज्याला शोधायचं तो तेवढ्यावरून शोधेल. धक्का होणार नाही, असंही मी लिहू शकत नाही. मोजणी खरी झाली तर त्यांना परत विचार करावा लागेल, एवढंच मला माहीत आहे.

आणि मी येऊ शकत नाही. नात तिथे उभी होती असं कळलं तर मोजणीवरच कोणीतरी बोट ठेवेल. सर रविवारी सकाळी सात वाजता एकटे येतील. तू आलीस तर आलीस.

मोनाली

*

चिंचणी
सोमवार, ३ मार्च

मोने,

गेले होते.

का गेले ते आधी ऐक, नाय तर तू वर मान करून फिरशील. तुझ्या पत्रात "वचन देते" असं असतं, तर मी रविवारी पांघरूण घेऊन झोपले असते. तो वहिनी म्हणणारा वचनावर वचनं देत होता. तू काय नाय दिलंस. खोटं बोलणारा एवढा कोरडा लिहीत नाय.

तुझा सर सात वाजता हजर होता, बूट घालून. मी म्हटलं, काढा. त्यानं काढले. दहा पावलांत "आई गं" म्हणाला, कालवांच्या कडा लागल्या त्याला. मग नीट खाली बघून चालायला लागला. तेव्हा म्हटलं, आता शिकेल हा.

पाणी पार मागे गेलं होतं. पलीकडचे दगड उघडे पडले तसा तो बघतच राहिला. मला म्हणाला, "आजी, तुम्ही तर म्हणालात हे कधीच उघडे पडत नाहीत." मी म्हटलं, "तेव्हा म्हणाले, आता दाखवतेय. त्यात तुमचं काय गेलं?"

त्यानं चौकट ठेवली आणि म्हणाला, इथे काहीच नाही. मोने, चार जीव त्याच्या नाकासमोर होते! तो दगडाच्या पाठीवर बघत होता. उन्हाचं कोण पाठीवर बसतं? कपारीत हात घालायला लावला, बोटांनी चाचपायला लावलं. रिकामा कोणता आणि भरलेला कोणता, विचारतो. मी दाखवलं, झाकणाला नख लावायचं. भरलेला असला तर दार आत ओढून घेतो. दारातून पाय बाहेर आले तर खेकडा, तो मोजायचा नाय. हे ऐकून खूश झाला, वहीत लिहिलं. पुस्तकात नाय म्हणे असं. मी म्हटलं, पुस्तकाला नखं नसतात.

एका चौकटीत सत्तेचाळीस भरले. दुसरीत त्याच्यावर. काळे, टोप्या, झाकणवाले. मग ते तुझे गाठीगाठीचे, त्यांना आमी भोकपाडे म्हणतो. कालवाच्या शिंपीला बारीक भोक पाडतो आणि आतलं खातो. सरांना भोक पाडलेली शिंपी दाखवली, वरून टाचणीनं टोचावं तशी. एक भोकपाडा दाबून त्यांच्या पांढऱ्या बाहीला पुसला. ते ओरडले. मी म्हटलं, थांबा जरा. उन्हात डाग आधी हिरवट झाला, मग जांभळा. त्यांना वाचून माहीत होतं, बघितलं नव्हतं. शर्ट फेकू नका म्हटलं, जात नाय तो.

आणि मग मी तो मोठा दगड उलटा केला. खाली अंडी होती. पिवळी, बारीक, दाण्यासारखी उभी, दाटीदाटीनं चिकटलेली. ह्या दिवसांत आमी तो दगड उलटत नाय, एकही बाई उलटत नाय. सरांनी वाकून फोटो काढला. मी दगड जसा होता तसा परत ठेवला, तोंड खाली. ते म्हणाले, घाई का? मी म्हटलं, ऊन लागलं तर मरतात, तुमचं काम झालं ना?

मागे वळले तर टकल्या खडकावर गोजराबाई उभी. तिच्यामागं पाच-सहाजणी. किती वेळ बघत होत्या कोण जाणे. पाणी परत चढायला लागलं होतं. मी तिच्या बाजूनं गेले तेव्हा ती एवढंच म्हणाली,

"दुसऱ्यांदा?"

मी तशीच घरी आले. 

नर्मदा

*

सरावली
बुधवार, १२ मार्च

आजी,

अहवाल गेला. सरांनी मसुद्यातला "ओसाड" शब्द माझ्यासमोर खोडला. त्याजागी अकरा जातींची नावं आली, मोजणीचे आकडे आले, अंड्यांचा फोटो आला. आणि एक ओळ अशी: "पूर्वीच्या जबाबात महिलांनी जागा जाणीवपूर्वक सांगितली नव्हती. बाहेरच्यांपासून गोगलगाई राखण्याची ही त्यांची जुनी पद्धत आहे." सर म्हणाले, हे लिहिलं नाही तर तुम्हाला कोणी खोट्या म्हणेल.

सरकारी कचेरीतून पत्र आलं आहे. कंपनीला धक्क्यासाठी दुसरी जागाही तपासायला सांगितली आहे. पावसाळ्यानंतर पुन्हा मोजणी होईल. जिंकलो असं समजू नकोस, पण तोवर तिथे दगड पडणार नाही.

बायका बोलतात का तुझ्याशी?

मोनाली

*

चिंचणी
सोमवार, १७ मार्च

मोने,

नाय बोलत. शिमग्याला होळीभोवती सगळ्या फिरल्या, माझ्यापुढे एक हात जागा सोडून. गोजराबाईनं नैवेद्य माझ्या हातून घेतला नाय. चिमी बोलते, पण ती कोणाशीही बोलते.

तुझ्या पत्रातली ती ओळ मी त्यांना वाचून दाखवली, जुनी पद्धत वगैरे. गोजराबाई म्हणाली, "म्हणजे आता आमी राखतो हेपण सांगून टाकलंत." ते काय खोटं नाय.

परवा, शनिवारी, उधाणाची ओहोटी. मी सहालाच गेले, पाटी न घेता. टकल्या खडकावर बसले, तिथून पलीकडचं सगळं दिसतं. साडेसातला दोन माणसं मोटरसायकल वर लावून खाली उतरली. एकाच्या खांद्यावर पोतं, घडी केलेलं. हिंदी बोलत होती. मी विचारलं, कुठं? म्हणाली, घूमने. मी म्हटलं, फिरायला पोतं कशाला लागतं? कुठून आलात, कोणी पाठवलं, नाव काय, बापाचं नाव काय, गाडीचा नंबर मी वाचलाय, माझा मुलगा वर हाय. प्रदीप घरी झोपला होता.  मग एकजण शंख बघतोय असं दाखवायला वाकला आणि नुसताच उभा राहिला. शेवटी दोघं गेली. कदाचित ती खरंच फिरायला आली असतील. कदाचित पोतं बसायला आणलं असेल. मला त्याच्याशी काय करायचंय?

काल परत गेले, आज परत गेले. आज गोजराबाई खाली उतरली, मला बसलेली बघितली, बोलली नाय. पण जाताना तिच्या पाटीवरचं फडकं तिनं मुद्दाम सारखं केलं नाय. अर्धी पाटी उघडी होती. मी बघितलं नाय असं केलं.

आता तुला सांगते ते नीट वाच. जागा मी दाखवली, म्हणून राखण मीच करायची, हे मला मान्य हाय. पण पाणी दिवसातून दोन वेळा मागं जातं आणि मला एकच कंबर हाय. पुढची अमावास्या शनिवारी, रविवारी पाडवा. तुला सुट्टी हाय. गुढी मामी उभारेल, तिला येतं.

बूट आणू नकोस. कोणी आलं तर आधी नाव विचारायचं, मग बापाचं नाव, मग पोतं उघडायला लावायचं. घाबरलीस तरी उठायचं नाय. सकाळची ओहोटी मी बसेन. संध्याकाळची तुझी.

नर्मदा